स्वालबार्डला निघण्यापूर्वी

ज्या सागरप्रवासाची कार्यक्रमपत्रिका आधीच छापून हाती येते, जहाज ठरल्या दिवशी ठरल्या बंदराला लागते आणि न लागल्यास प्रवासी कंपनीकडे भरपाई मागू शकतो, त्या प्रवासाची तयारी आणि पन्नास-शंभर माणसे घेऊन ध्रुववृत्तापलीकडे जाणाऱ्या लहानशा जहाजावरील प्रवासाची तयारी यांत फरक काय तो लोकरीच्या कपड्यांचा, असे धरून पुष्कळ लोक घरून निघतात. आणि मग दुसऱ्याच दिवशी न्याहारीच्या वेळी, रात्रीतून वारा फिरल्यामुळे आजचा फ्योर्ड बर्फाने बंद झाला असून जहाज उलट दिशेला चालले आहे, असे सफरीच्या म्होरक्याने जाहीर केले की त्यांचा जो विरस होतो तो परतेपर्यंत ओसरत नाही. कंपनीच्या माहितीपत्रकात तांबड्या रेघेने मार्ग दाखवलेला असतो खरा; पण त्याच पानाच्या तळाशी, बारीक टायपात, हवामान आणि बर्फ पाहून मार्ग बदलण्याची संपूर्ण मुखत्यारी कप्तानाची राहील, असे एक कलम असते, आणि माझ्या मते सबंध पत्रकातले अक्षरशः खरे ठरणारे वाक्य तेवढे एकच. थंडीचा बंदोबस्त दुकानातून विकत आणता येतो. मदत दूर आहे आणि उद्याचा मुक्काम अनिश्चित आहे, या दोन गोष्टींचा बंदोबस्त मात्र निघण्यापूर्वी कित्येक महिने, कागदपत्रांपासून मनापर्यंत, सर्वत्र करावा लागतो.

उत्तर ध्रुवप्रदेश हा एकच एक मुलूख नसून ग्रीनलंड, कॅनडाची बेटे आणि रशियाचा उत्तर किनारा यांचे कायदे, ऋतुमान व खर्च परस्परांहून भिन्न आहेत. म्हणून या प्रकरणापुरता नॉर्वेच्या अंमलाखालील स्वालबार्ड द्वीपसमूह डोळ्यांपुढे ठेवतो. ७४ ते ८१ उत्तर अक्षांशांच्या दरम्यान पसरलेल्या या बेटांचा निम्म्याहून अधिक भाग हिमनद्यांनी व्यापलेला आहे, आणि तरीही इतक्या उत्तरेस सामान्य जहाजाला उन्हाळ्यात सुखाने जाता येते, याचे कारण अटलांटिकमधून वर चढत येणारा उष्ण प्रवाह पश्चिम किनाऱ्याला घासून जातो आणि तेथील पाणी मोकळे ठेवतो. पूर्वेकडे मात्र ध्रुवाकडून थंड पाणी व बर्फ उतरत असल्यामुळे त्याच अक्षांशावर जहाजाची वाट अडते. १५९६ साली विलेम बारेंट्स या डच नाविकाने ही बेटे पाहिली, सतराव्या शतकात युरोपीय देवमाशांच्या शिकाऱ्यांनी त्यांच्या किनाऱ्यावर चरबी कढवण्याच्या भट्ट्या मांडल्या, आणि पुढे कोळशाच्या खाणी निघाल्या. ९ फेब्रुवारी १९२० रोजी पॅरिस येथे जो तहनामा झाला त्याने या निर्नायकी मुलखाचे स्वामित्व नॉर्वेला दिले आणि तहात सामील झालेल्या सर्व देशांच्या प्रजाजनांना तेथे जाण्याची व व्यवसाय करण्याची समान मुभा ठेवली. ब्रिटिश साम्राज्याचा घटक म्हणून हिंदुस्थान त्या तहात आरंभापासून सामील आहे, ही गोष्ट मुंबई-पुण्याच्या प्रवाशाला सहसा ठाऊक नसते.

पहिला निर्णय महिन्याचा. जूनमध्ये डोंगर अद्याप बर्फाखाली असतात, फ्योर्डांच्या आतल्या टोकांना गोठलेल्या समुद्राचे पट्टे टिकून असतात आणि प्रकाश सर्वांत स्वच्छ असतो, परंतु उत्तर व पूर्व किनारे बहुधा बंद असतात. जुलैच्या उत्तरार्धापासून ऑगस्ट अखेरपर्यंत बर्फ मागे हटतो, स्पिट्सबर्गन आणि नॉर्डऑस्टलांडेट या दोन मोठ्या बेटांमधली हिनलोपेन सामुद्रधुनी खुली होते आणि सबंध द्वीपसमूहाची परिक्रमा साधण्याचा संभव वाढतो, मात्र किनाऱ्यावरची जमीन करडी आणि चिखलट झालेली असते व समुद्रपक्ष्यांचे कडे रिकामे होऊ लागतात. ज्याला पक्षी हवेत त्याने ऑगस्टचा आग्रह धरू नये, ज्याला परिक्रमा हवी त्याने जूनचा धरू नये, आणि ज्याला दोन्ही हवे त्याने दोनदा जावे. लोकमान्य टिळकांनी १९०३ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या इंग्रजी ग्रंथात वेदांतील उषेच्या दीर्घ वर्णनांवरून आर्यांचे मूलस्थान उत्तर ध्रुवाजवळ असल्याचा जो सिद्धांत मांडला, तो विद्वानांनी स्वीकारलेला नसला तरी त्या ग्रंथाच्या स्मृतीने ध्रुवीय पहाट पाहू इच्छिणारा मराठी वाचक अजून भेटतो. त्याने हे लक्षात घ्यावे की लाँगइयरब्येन या तेथील मुख्य गावी २० एप्रिलच्या सुमारास वर आलेला सूर्य २३ ऑगस्टच्या सुमारापर्यंत मावळतच नाही, आणि जहाजांचा हंगाम जवळजवळ सगळा याच अवधीत येतो, तेव्हा ती पहाट उन्हाळी प्रवाशाच्या वाट्याला येत नाही. त्याच्या वाट्याला येते ती निद्रानाशाची व्याधी. डोळ्यांवर बांधायची जाड काळी पट्टी ही क्षुल्लक वस्तू पहिल्या रात्री सर्व सामानात मौल्यवान ठरते.

दुसरा निर्णय जहाजाचा, आणि येथे लहान या विशेषणाचा अर्थ नीट विचारून घ्यावा. बारा प्रवाशांपर्यंत वाहून नेणारी शिडाची नौका आणि दीडशे प्रवाशांचे, पुस्तकालय व व्याख्यानगृह असलेले जहाज, या दोहोंची जाहिरात लहान जहाज म्हणूनच होते. १ जानेवारी २०२५ पासून नॉर्वेने स्वालबार्डच्या संरक्षित क्षेत्रांत दोनशेहून अधिक प्रवाशांच्या जहाजाला मज्जाव केला असून तेथे उतरण्याच्या जागाही ४३ ठरवून दिल्या आहेत, त्यामुळे कायद्यानेच एक वरची मर्यादा घातली गेली आहे. पण त्या मर्यादेच्या आतही अंकगणित आपले काम करते. रबरी फुगीर होडीत सुमारे दहा माणसे बसतात. शंभर प्रवासी किनाऱ्यावर न्यायचे तर दहा फेऱ्या, तितक्याच परतीच्या, आणि मध्ये धुके उतरले तर निम्म्यांचा दिवस गेला. फार लहान नौका हेलकावे अधिक खाते, तिची न्हाणीघरे सामाईक असतात आणि एखादा सहप्रवासी असह्य झाल्यास त्याला टाळून बसण्यासाठी दुसरा कोपरा नसतो, हेही खरे. माझा कौल पन्नास ते शंभर प्रवाशांच्या जहाजाला आहे.

जहाजाच्या खोलीचे छायाचित्र पाहण्यात जो वेळ जातो त्याचा चौथा हिस्सा तरी त्याच्या कवचाची चौकशी करण्यात घालवावा. बर्फाळ पाण्यासाठी तळ मजबूत केलेल्या जहाजांना त्यांच्या बळानुसार वर्ग दिलेले असतात, आणि १ जानेवारी २०१७ पासून अमलात आलेल्या ध्रुवीय नौकानयनाच्या आंतरराष्ट्रीय संहितेप्रमाणे बारांहून अधिक प्रवासी नेणाऱ्या जहाजाजवळ ध्रुवीय जलप्रवासाचा स्वतंत्र दाखला असावा लागतो; तो आहे काय, असे पत्र लिहून विचारण्यात संकोच कसला? जून १९८९ मध्ये ‘मक्सिम गोर्की’ हे मोठे सोव्हिएत प्रवासी जहाज स्वालबार्डच्या पश्चिमेस धुक्यात बर्फावर आदळले, त्याच्या तळाला भेगा पडल्या, आणि प्रवाशांना, ज्यांत वृद्धांची संख्या पुष्कळ होती, अंगावरच्या वस्त्रांनिशी जीवनौकांत आणि काहींना प्रत्यक्ष तरंगत्या बर्फाच्या लाद्यांवर तासन्‌तास काढावे लागले. नॉर्वेच्या तटरक्षक दलाचे ‘सेन्या’ हे जहाज वेळेवर पोहोचले आणि साडेनऊशेंच्या आसपास असलेल्या माणसांपैकी एकही दगावला नाही. परंतु वारा शांत होता आणि ‘सेन्या’ त्याच टापूत होते, या दोन योगायोगांवर पुढच्या प्रवाशाने विसंबू नये.

कागदपत्रांच्या बाबतीत एक विचित्र गुंतागुंत आहे. स्वालबार्डला जाण्यास प्रवेशपरवाना म्हणजे व्हिसा लागत नाही, हे वाक्य वाचून हर्षभरित झालेला भारतीय प्रवासी ऑस्लोच्या वाटेनेच तेथे जाणार असतो, आणि ऑस्लो शेंगेन राष्ट्रांच्या हद्दीत असून स्वालबार्ड त्या हद्दीबाहेर आहे. म्हणजे उत्तरेकडचे विमान धरताच तो शेंगेन क्षेत्र सोडतो आणि परतताना त्यात पुन्हा प्रवेश करतो. एकदाच प्रवेशाची मुभा असलेला व्हिसा त्यामुळे जाताना चालतो आणि येताना चालत नाही! अर्जातच किमान दोन वेळा प्रवेशाची मागणी करावी, जहाजाच्या तिकिटाची प्रत जोडावी, आणि व्हिसा हाती पडताच त्यावरील प्रवेशसंख्येचा रकाना स्वतः वाचावा. विम्याचेही तसेच. लाँगइयरब्येनचे रुग्णालय लहान आहे, गंभीर रुग्णाला तेथून सुमारे ९५० किलोमीटर दक्षिणेस ट्रॉम्सोला विमानाने हलवतात, आणि द्वीपसमूहाच्या दूरच्या टोकावरून लाँगइयरब्येनपर्यंत आणायचे तर गव्हर्नरच्या दफ्तराचे हेलिकॉप्टर लागते, जे धुक्यात उडू शकत नाही. परदेश प्रवासाच्या नेहमीच्या विम्यात जहाजावरून उचलून नेण्याचा आणि शोधकार्याचा खर्च अंतर्भूत असेलच असे नाही. वयाची अट आणि पूर्वीपासूनच्या आजारांचे कलम तर भिंग घेऊन वाचण्यासारखे. जहाजकंपनी जो वैद्यकीय तक्ता भरून मागते त्यात हृदयविकार, मधुमेह, गुडघ्याची शस्त्रक्रिया यांपैकी काही लपवू नये, कारण जहाजावरील डॉक्टरजवळ दुसऱ्या तज्ज्ञाकडे पाठवण्याची सोय नसते. नित्याची औषधे दुप्पट न्यावीत आणि निम्मी हातातल्या पिशवीत ठेवावीत.

शरीराकडून जे अपेक्षित आहे ते थोडे, पण नेमके आहे. उभ्या शिडीने खाली उतरणे, हलत्या होडीच्या फुगीर काठावर बसणे, गुडघाभर पाण्यात पाय टाकून गोट्यांच्या किनाऱ्यावर चढणे आणि दलदलीच्या जमिनीवर तासभर चालणे, इतके जमले की पुरे. तेव्हा घराच्या जिन्यावर हात न धरता चढउतार करण्याचा सराव निघण्यापूर्वी दोन महिने ठेवला तर तो फुकट जात नाही. समुद्र लागण्याचा प्रश्न अधिक लहरी आहे. फ्योर्डांत पाणी बहुधा शांत असते, पण उघड्या समुद्राचा एखादा पट्टा ओलांडावाच लागतो, आणि त्यावरची गोळी मळमळ सुरू झाल्यावर घेतली तर ती पोटात टिकत नाही. ती आधी घ्यावी. कानामागे चिकटवायची औषधी पट्टी अनेकांना मानवते, परंतु काचबिंदू किंवा प्रोस्टेटचा विकार असणाऱ्यांनी ती डॉक्टरांच्या सल्ल्याविना लावू नये.

आता थंडी. लाँगइयरब्येन येथे जुलैचे सरासरी तापमान ६-७ अंशांच्या आसपास असते, म्हणजे निफाडच्या द्राक्षबागाइतदाराला जानेवारीच्या पहाटे शेकोटी पेटवताना जी थंडी अनुभवास येते तिच्याहून ती निराळी नाही. भेद इतकाच की निफाडला दहा वाजता ऊन तापते आणि येथे उघड्या होडीत बसून, वाऱ्याला तोंड देत, अंगावर खारे तुषार घेत दोन तास निश्चल राहायचे असते. कापसाच्या वस्त्राने जन्मभर साथ दिलेली असली तरी येथे ते घातक ठरते, कारण सुती धागा घाम शोषून ओला होतो आणि ओल्या वस्त्रात ऊब धरणारी हवा उरत नाही. बनियनपासून मोज्यांपर्यंत अंगालगत लोकर किंवा कृत्रिम धाग्याचे कापड असावे, त्यावर उबेचा एक थर, आणि सर्वांत वर वारा व पाणी अडवणारे कवच. कंपनी बहुधा जाकीट देते किंवा भाड्याने पुरवते आणि गमबूटही देते, पण जलाभेद्य विजार देत नाही, आणि होडीत बसल्यावर प्रथम भिजतात ते गुडघे. विजारीचे पाय बुटांच्या आत खोचण्याची हौस आवरावी. ती बुटांवरून बाहेर सोडावी लागते, नाहीतर पहिल्याच लाटेने बूट भरतात. हातमोजे दोन थरांचे घ्यावेत: आत पातळ, ज्यांनी कॅमेऱ्याची कळ दाबता येईल, आणि वर जाड, ज्यांत चारही बोटे एकत्र राहतील.

आणि हे सर्व घरी एकदा घालून पाहावे. स्वीडनचा अभियंता सालोमोन आंद्रे याने हायड्रोजनच्या बलूनमधून उत्तर ध्रुव ओलांडण्याची जी मोहीम आखली, तिच्यामागे राजाचा आणि आल्फ्रेड नोबेलचा पैसा होता, पत्रे होती, कॅमेरे होते, घसरगाड्या होत्या, महिनोन्‌महिने पुरेल इतकी शिधासामग्री होती. फक्त पॅरिसला शिवलेले ते बलून एकदाही उडवून न पाहता थेट स्वालबार्डच्या डान्स्कोया बेटावर आणले गेले होते. ११ जुलै १८९७ रोजी तिघे जण त्यातून निघाले आणि उड्डाणाच्या क्षणीच, जे जड दोर पाण्यावरून ओढत नेऊन दिशा राखायची अशी सारी तजवीज होती, त्या दोरांचे मोठे भाग सुटून समुद्रात पडले. तीन दिवसांत दव गोठून जड झालेले बलून बर्फावर बसले. तेथून पुढे सुमारे अडीच महिने त्यांनी सरकत्या बर्फावर काढले, त्यांतला बराच काळ घसरगाड्या ओढत. लोकरीचे कपडे होते, फरचे नव्हते. अखेरीस ऑक्टोबरात क्विटोया या बेटावर ते पोहोचले आणि तेथेच संपले. १९३० साली त्यांचे अवशेष, रोजनिशा आणि छायाचित्रांच्या फिती सापडल्या, आणि तेहतीस वर्षे बर्फात राहिलेल्या त्या फितींतून, आडव्या पडलेल्या बलूनकडे पाहत उभी असलेली दोन माणसे स्पष्ट उमटली. आजच्या प्रवाशाचे संकट एवढे भीषण नसते, पण नव्या कोऱ्या बुटात दोन जोड मोजे घातल्यावर पाय मावतच नाही, हा शोध ७९ अक्षांशावर लागणे बरे नव्हे.

आता दुर्बिणीविषयी दोन शब्द. १९७३ पासून स्वालबार्डमध्ये ध्रुवीय अस्वलाच्या शिकारीस बंदी आहे, आणि २०२५ च्या नियमांनी अस्वलापासून किमान ३०० मीटर, आणि १ मार्च ते ३० जून या काळात ५०० मीटर अंतर राखणे सक्तीचे केले आहे. हे नियम मला योग्य वाटतात. जहाजांच्या गर्दीपुढे बर्फावरून उठून जाणाऱ्या अस्वलाची जी शक्ती खर्ची पडते ती त्याला पुढच्या सीलपर्यंत पुरवायची असते. पण या नियमांचा परिणाम असा की मोबाइलने काढलेल्या चित्रात अस्वल म्हणजे पांढऱ्यावरचा एक पिवळट ठिपका उरतो. आठपट मोठे दाखवणारी, बेचाळीस मिलिमीटर भिंगाची साधी दुर्बीण प्रत्येक माणसामागे स्वतंत्र न्यावी. नवरा-बायकोत एकच नेल्यास काय होते, हे सांगण्याचे कारण नाही. दहापटीची हलत्या जहाजावर हातात स्थिर राहत नाही. कॅमेऱ्याच्या विद्युतघटांची शक्ती थंडीत लवकर ओसरते, म्हणून जादा घट अंगालगतच्या खिशात असावेत. आणि बाहेरून आत येताना कॅमेरा बंद पिशवीत घालून मगच उबदार खोलीत न्यावा, नाहीतर भिंगावर पाणी साचते.

शाकाहारी, जैन किंवा उपवास पाळणाऱ्या प्रवाशाने तसे तिकीट घेतानाच लेखी कळवावे, कारण लाँगइयरब्येनचा धक्का सुटल्यावर भाजी मिळण्याचे ठिकाण नाही. चिवडा अवश्य न्यावा, पण तो खोलीतच खावा. किनाऱ्यावर खाद्यपदार्थ नेण्याची मनाई असते.

लाँगइयरब्येनला जहाज सुटण्याच्या आदल्या दिवशी पोहोचणे हा चैनीचा भाग नाही. ऑस्लोत मागे राहिलेली पेटी दुसऱ्या दिवशीच्या विमानाने येऊ शकते, पण जहाज सुटल्यानंतर ती तुमच्यापर्यंत येत नाही. जॉन मन्रो लाँगइयर या अमेरिकन खाणमालकाने १९०६ मध्ये वसवलेल्या या गावात हॉटेलाच्या आणि संग्रहालयाच्या दारात पादत्राणे काढावी लागतात. कोळशाची धूळ घरात येऊ नये म्हणून खाणकामगारांनी घातलेला हा दंडक, आपल्याकडच्या पाहुण्याला मुळीच जड जात नाही. गावाच्या हद्दीवर काळ्या पाटीवर पांढरे अस्वल काढलेली खूण आहे आणि खाली नॉर्वेजियन भाषेत, हे सबंध स्वालबार्डला लागू, असा मजकूर आहे. त्या पाटीच्या पुढे शस्त्रधारी वाटाड्याविना जाऊ नये, छायाचित्रासाठीसुद्धा नाही.

जहाजावरची पहिली संध्याकाळ शिस्तीची असते. सात आखूड आणि एक लांब भोंगा झाला की जीवरक्षक जाकीट घालून ठरल्या जागी जमायचे. मग होडीत चढण्याची रीत, म्हणजे खलाशाचा पंजा न धरता त्याचे मनगट धरायचे व त्याने तुमचे, दोन्ही हात मोकळे, पिशवी पाठीवर, एकेक पाऊल. मग वाटाड्यांची व्याख्याने. बंदूक आणि इशाऱ्याचे बार घेऊन ते आधी किनारा न्याहाळतील, धुके असेल तर कोणालाही उतरवणार नाहीत, आणि सुरय पक्ष्यांची घरटी असलेल्या जागी डोक्यावर चोच बसू नये म्हणून काठी उंच धरायला सांगतील. १९४६ पूर्वीची प्रत्येक मानवी खूण कायद्याने संरक्षित असल्यामुळे गंजलेला खिळादेखील उचलायचा नाही. नी-ऑलेसुंड येथे, जिथे गोव्याच्या वास्कोमधील राष्ट्रीय ध्रुवीय संशोधन केंद्राचे ‘हिमाद्री’ हे ठाणे २००८ पासून चालू आहे, जहाज जाणार असेल तर फोनचे वायफाय व ब्लूटूथ बंद ठेवण्याचा हुकूम वीस किलोमीटर आधीच लागू होतो, कारण तेथील रेडिओ दुर्बिणी अतिक्षीण लहरी टिपत असतात.

शेवटी पेटीतून बाहेरचे कपडे काढून सर्वांना एका दालनात बोलावतात. निर्वात झाडणीने खिशांचे कोपरे, पिशव्यांच्या घड्या, चिकटपट्ट्यांचे दात साफ करायचे, बुटांचे तळवे जंतुनाशक पाण्यात घासायचे. सह्याद्रीतल्या पावसाळी भटकंतीत जाकिटाच्या चिकटपट्टीत अडकलेले कुसळ येथे चिमट्याने निघते. हे काम कंटाळवाणे वाटते म्हणून कित्येक जण ते खलाशावर सोपवू पाहतात, पण बहुतेक जहाजांवर ते ज्याचे त्यानेच करायचे आणि सही करायची असते. मग प्रत्येकाला एक क्रमांक मिळतो. शिडीजवळच्या फळ्यावर त्या क्रमांकाचा बिल्ला टांगलेला असतो. उतरताना तो उलटवायचा, परत चढल्यावर सुलटवायचा. चहाच्या ओढीने ते विसरलेल्या एका प्रवाशापायी, तो खोलीत पाय शेकत बसलेला असताना, वाटाडे होडी घेऊन पुन्हा किनारा पालथा घालतात आणि जहाज तासभर नांगरावर खोळंबते.